वन्सं फोनवर मोजायच्या

सकाळी सातला फोन वाजला तेव्हा मी खुर्ची भिंतीपासून पुढे ओढत होते. रिसीव्हर कानाला लावून सवयीनं म्हणाले, "बसले, वन्सं." पलीकडे वन्सं नव्हत्या. साताऱ्याहून त्यांच्या शेजारीणबाई बोलत होत्या. पहाटे, झोपेतच... पुढचं ऐकू येत होतं, पण अर्थ लागत नव्हता. आणि खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी मला भीती वाटली. आता माझं कोण बघणार, अशी अगदी स्वार्थी भीती. आज सहा आठवडे झाले, ती पुरती गेलेली नाही.

सुनंदावन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या. लग्न केलं नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा आवाज, आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. मी त्यांना कितीतरी वर्षं भ्यायचे. त्या सांगलीला, विश्रामबागेत आमच्याकडे येणार म्हटलं की मी पडदे धुवायला काढायचे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली, ती कॅन्सरची होती. ऑपरेशन झालं, मग दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषधं सुरू झाली. केस गेले, चव गेली, आणि पायांतलं बळ असं गेलं की न्हाणीघरातून खोलीत यायचं तर मध्येच भिंत धरून उभं राहावं लागे. भेटायला येणारी प्रत्येक बाई "पडून राहा" म्हणायची. चहाचा कपसुद्धा कुणी उचलू देत नसे. मी पडून राहिले, आणि पडल्या पडल्या वाटत राहिलं की आता आपण उठत नाही...

अशात एका सकाळी वन्संचा फोन आला. "माधवी, जवळ खुर्ची आहे? हात न टेकता उठ बघू."

"मला जमत नाही, वन्सं."

"जमत नाही की भीती वाटते?"

"भीती वाटते."

"बरं. आधी डॉक्टरांना विचारते."

त्यांनी डॉक्टरांना दोन पानी पत्र लिहिलं. काय करायचं, काय नाही, डावा हात किती उचलायचा, सगळं विचारलं. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अट घातली: दर खेपेला आधी रक्ताचा रिपोर्ट बघायचा. मग आमचं सुरू झालं. शाळा सोडून त्यांना येता येत नव्हतं, म्हणून रोज सातला फोन. मी रिसीव्हर स्टुलावर ठेवायचे आणि त्या तिकडून मोठ्यानं मोजायच्या. खुर्चीतून उठायचं, बसायचं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पायाखाली धरून उजव्या हातानं ओढायचा. त्यांना नुसत्या आवाजावरून सगळं कळायचं. "खुर्ची कुरकुरली. हात टेकलास तू," असं त्या सव्वाशे किलोमीटरवरून म्हणायच्या, आणि हात खरंच टेकलेला असायचा.

तिसऱ्या सलाइननंतरची ती सकाळ मी विसरणार नाही. हे कामावर गेले होते, घरात मी एकटी. सातव्यांदा उठताना डोळ्यांपुढे काळोख आला. शुद्ध आली तेव्हा गाल फरशीवर होता आणि स्टुलावरून बारीकसा आवाज येत होता. "माधवी! माधवी!" मला ओ देता येईना. मग तिकडून मोजणं सुरू झालं. एक... दोन... तीन... काय करावं ते न सुचून त्या मोजत होत्या. मी फोनची वायर ओढली, रिसीव्हर फरशीवर आपटला आणि मोजणं थांबलं.

"वन्सं..." मी म्हणाले.

"डोकं आपटलंय? रक्त येतंय का? हलू नकोस, शेजारी फोन करते."

दुपारी बाराला त्या दारात उभ्या होत्या. मिळेल त्या गाडीनं, कराडला गाडी बदलून आल्या होत्या. पाणीही न घेता त्या माझ्याजवळ बसल्या. "मला वाटलं, मीच मारलं तुला," त्या म्हणाल्या. तेव्हा मी कबूल केलं. त्या खेपेचा रिपोर्ट आलाच नव्हता. फोन बंद होऊ नये म्हणून मी आलाय असं सांगितलं होतं. मला वाटलं, आता मैदानावरचा तो आवाज निघणार. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्याशी खोटं बोलू नकोस ग. मला तिथून नुसतं ऐकू येतं, दिसत नाही."

त्यानंतर दहा-बारा दिवस त्यांचा सातचा फोन आला नाही. शेवटी मीच लावला. "वन्सं, रिपोर्ट हातात आहे, डॉक्टरांची सहीही आहे. वाचून दाखवते. मग मोजाल?" त्या म्हणाल्या, "वाच."

उपचार संपल्यावर महिन्याभरानं मी भरलेली बादली अंगणात नेली आणि फुशारकीनं त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुठल्या हातानं?"

त्या गेल्यावर पंधराव्या दिवशी आम्ही त्यांच्या खोलीतलं सामान आवरत होतो. फोन वाजला. "बाई हायेत का? कवठे महांकाळातनं बोलते. माझी सून त्यांच्या शाळंत हुती." बाई गेल्या, असं मी सांगितलं.

"कवा?" तिनं विचारलं. एसटीडी बूथबाहेरच्या रहदारीत तिचा आवाज बारीक येत होता. "आवं, त्या म्हनल्या हुत्या आता आकडा वाढवू. मग मी किती येळा उठू?"

वन्सं आणखी कुणा आजारी बाईला असं फोनवर मोजून उठवत होत्या, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मी काही शिक्षिका नाही. ही पडली तर? फोन ठेवून द्यावा असं वाटलं. पण मी तिला डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं, आकडा होता तेवढाच राहू दे म्हणाले आणि माझा सांगलीचा नंबर दिला.

आता ती आठवड्यातून दोनदा फोन करते. बूथमधल्या बाकड्यावरून उठते, बसते. इकडे मी डोळे मिटून मोजते, आणि प्रत्येक आकड्यानंतर तिचा श्वास ऐकू येईपर्यंत माझा अडकलेला असतो.