मिलिंदला आउट मी दिलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. तसं बघितलं तर निम्मी गोष्ट मी शेकड्यानं लोकांना ऐकवली आहे — माइक हातात घेऊन, घसा साफ करून. उरलेली निम्मी गिळून बसलो. ती आत नासली आहे, आणि तिचा वास आता मलाच सहन होत नाही.

मी लातूरला गणित शिकवतो. बारावीच्या पोरांना निरोप देताना दरवर्षी मला बोलायला उभं करतात, कारण सरांची क्रिकेटची गोष्ट पोरांना लई आवडते. मलाही आवडायची, खोटं कशाला बोलू? आधी ती तुम्हाला तशीच सांगतो, जशी मी पोरांना सांगतो. म्हणजे मी किती सफाईदार माणूस आहे ते कळेल तुम्हाला.

मुदखेडच्या शाळेत माझ्या वर्गात मिलिंद होता. वडील रेल्वेत गँगमन, घर रुळांच्या पलीकडच्या वस्तीत. शाळेच्या किटात तीनच पॅड धड होते, त्यामुळं हा एकाच पायाला पॅड बांधायचा आणि पूर्ण जोड समोरच्या बॅट्समनला देऊन टाकायचा. फास्ट बॉलर पळत निघाला की आम्हा सगळ्यांचे पाय आपोआप लेगकडं सरकायचे. ह्याचा पाय पुढं पडायचा. एकदा हनुवटीवर बॉल बसला, रक्त आलं. शर्टाच्या बाहीला पुसलं आणि पुढच्या बॉलला परत पुढं. मी विचारलं, भीती नाही वाटत का रे? तर म्हणाला, "वाटती की. पण मागं सरकल्यावर बॉल दिसतच न्हाई ना नीट."

हे वाक्य मी किती वापरलं असेल. पेपर म्हणजे फास्ट बॉलर, मागं सरकलात की प्रश्न दिसतच नाही, पुढं या — पोरं टाळ्या वाजवतात. मग मी आवाज खाली आणतो. सांगतो की आमच्या वेळी शाळेच्या मॅचला बाहेरचे अंपायर नसायचे. बॅटिंग करणाऱ्या टीमचीच आउट झालेली पोरं अंपायर म्हणून उभी राहायची. आपल्या पोराला कोण आउट देतो? दांडी उडाल्याशिवाय बोट वर जायचं नाही, दोन्ही टीमचं सारखंच, कुणी मनावर घ्यायचं नाही. पण हदगावच्या शाळेबरोबर मॅच होती, मिलिंद जोरात खेळत होता, मॅच आमच्या खिशात होती, आणि बॅटची कड लागल्याचा बारीक आवाज मला आला. आणि मी माझ्याच मित्राला आउट दिलं. मॅच हरलो — इथं मी थांबतो, पाणी पितो — पण मुलांनो, त्या दिवशी मी स्वतःला हरलो नाही.

ऐकलंत? स्वतःला हरलो नाही म्हणे. हे बोलताना मागच्या वर्षी माझे डोळेसुद्धा भरून आले होते. किळस येते मला त्या डोळ्यांची.

आवाज आला नव्हता.

कसला आवाज? बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर होता, मिलिंद पुढं येऊन ड्राइव्ह मारायला गेला आणि चुकला. बॅट आणि बॉल यांच्या मध्ये चांगला दोन बोटं उजेड दिसला मला. समोरच उभा होतो, ऊन पाठीशी होतं, डोळे धड होते. हदगावच्या कीपरनं उगीच हात वर केले, पण त्याचं त्यालाच पटलेलं नव्हतं, ओरडणं अर्ध्यातच थांबलं. मी जरा थांबलो. विचार करायला पुरेल एवढं थांबलो, हे लक्षात ठेवा. ते हातून घडून गेलेलं नव्हतं. मग बोट वर केलं.

का? नांदेडहून एक सर आले होते, जिल्ह्याच्या शिबिरासाठी पोरं निवडायला. प्रत्येक शाळेतून एकच पोरगं घेणार होते. मी ओपनिंगला गेलो होतो, मागं सरकत सरकत नऊ रन काढले आणि स्लिपमध्ये कॅच देऊन आलो. आलो तो अंपायर म्हणून उभा राहिलो. तिथून मला मिलिंदची बॅटिंग दिसत होती, आणि बाजूच्या लिंबाखाली खुर्चीवर बसलेले ते सर दिसत होते. ते आधी मागं रेलून बसले होते. मिलिंद तिशीत गेला तसे पुढं सरकून बसले. चाळीस झाले तेव्हा त्यांनी वही काढली. बस्स, एवढंच. त्यांनी वही काढलेली मला बघवली नाही.

आता अजून एक सांगायचं आहे. मिलिंदच्या जागी स्टेशन रोडच्या दुकानदाराचं पोरगं असतं, तर मी बोट वर केलं असतं का? माझ्या वडिलांचं तिथंच कापडाचं दुकान होतं. संध्याकाळी त्या पोराचा बाप दुकानात येऊन बसला असता, काय हो तुमच्या पोरानं असं केलं म्हणाला असता. मिलिंदचा बाप येणार नव्हता. त्या वस्तीतून आमच्या दारात येऊन कुणी जाब विचारणार नव्हतं, हे मला नववीत असताना पक्कं माहीत होतं. कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. घरात जातीचं वाईटसाईट कुणी बोलायचं नाही, आम्ही चांगली माणसं होतो. तरी मला बरोबर ठाऊक होतं की ह्याच्या बाबतीत हे खपतं. थू आहे असल्या ठाऊक असण्यावर.

मिलिंद भांडला नाही. त्यानं बॅट उलटी केली, कडेवरून बोट फिरवलं, परत एकदा बघितलं. माझ्याकडं बघितलं — राग नव्हता, नुसतं विचारल्यासारखं. मी मान हलवली. हाव, लागली, अशा अर्थानं. मग तो गेला. आम्ही सहा रननी हरलो.

मला वाटलं आता पोरं मला तुडवणार. झालं उलटंच. आपल्याच टीमच्या पोराला, तेही जिंकत आलेल्या मॅचमध्ये, कोण उगीच आउट देईल? म्हणजे खरंच लागली असणार. कुणाला शंकाच आली नाही. हदगावचे सर येऊन माझी पाठ थोपटून गेले. दुसऱ्या दिवशी परिपाठाला हेडमास्तरांनी मला पुढं बोलावलं आणि हे पोरगं बघा, असा इमानदार पोरगा आपल्या शाळेत आहे, म्हणून सगळ्या शाळेकडून टाळ्या वाजवून घेतल्या. मिलिंदही वाजवत होता. मी बघितलं ना — आठव्या नवव्या रांगेत उभा राहून वाजवत होता.

आणि शिबिराला कोण गेलं? मी. नांदेडचे सर म्हणाले, खेळ शिकवता येतो, इमान शिकवता येत नाही. चार दिवस राहिलो तिथं. नेटमध्ये खरा वेगाचा बॉलर समोर आला की पाय लेगकडं पळायचा. पाचव्या दिवशी ताप आल्याचं सांगून घरी आलो. म्हणजे जी जागा चोरली ती वापरलीसुद्धा नाही. इमानदार हे नाव मात्र राहिलं. दाखल्यावर राहिलं, नोकरीच्या वेळी राहिलं, लग्न जमवतानासुद्धा सासऱ्यांना कुणीतरी हीच गोष्ट सांगितली होती.

इतकं असूनही मी मनाशी एक समजूत घालून बसलो होतो — पोरवयातली गोष्ट आहे, पुसून गेली. मिलिंद आता वायरमन आहे, पक्कं घर बांधलंय, गावात चार लोक मान देतात. त्याचं काय बिघडलं? असं मी म्हणायचो. मग यंदा उन्हाळ्यात मुदखेडला आमच्या बॅचचा मेळावा झाला. आणि आता सांगतो ते पोरवयातलं नाही. डोक्यावरचे केस पांढरे झालेल्या माणसाचं आहे.

जेवणाच्या पंगतीत मिलिंद माझ्या शेजारी येऊन बसला. सोबत पोरगी, सातवीतली. गावातल्या पोरांत क्रिकेट खेळते, म्हणाला. पुढं येऊन खेळते, अगदी माझ्यावानी. मग जिलेबी माझ्या ताटात सरकवत हळूच म्हणाला, "एक विचारू का रे? इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणून राहिलो. त्या दिवशी खरंच आवाज आला होता का? मला हाताला काहीच लागलं न्हाई."

मी काही बोलायच्या आत तोच पुढं बोलला. त्या मॅचनंतर त्याला खेळताना मजा येईना. बॉल आला की मनात यायचं, आपल्याला लागलेलं कळत नाही, न लागलेलं कळत नाही, मग आपल्या हाताचा भरवसा काय? हळूहळू पाय मागं जायला लागला. दहावीत टीममधून नाव गेलं, त्यानंही सोडून दिलं. हे सगळं तो हसत सांगत होता, तक्रार नव्हती. तू खोटं बोलणार न्हाईस हे माहीत हाय, म्हणून विचारून राहिलो, म्हणाला.

त्याचा पाय मागं गेला होता. ज्याच्या पुढं आलेल्या पायावर मी वीस वर्षं भाषणं केली, तो पाय माझ्यामुळं मागं गेला होता, आणि मला ते आत्ता, जिलेबी चावताना कळत होतं. एक शब्द पुरे होता. 'नाही.' एवढाच. पंगतीत सगळे आपापल्या बोलण्यात होते, कुणाचं लक्ष नव्हतं. पुढं रोज कुणाला तोंड दाखवायचं होतं असंही नाही, मी तर लातूरला राहतो.

मी म्हणालो, "हाव. बारीक होता, पण आला होता."

मिलिंदनं मान डोलावली. मोकळा झाल्यासारखा दिसला. बरं झालं विचारलं, म्हणाला. मग पोरीकडं वळला. ही लई भांडती अंपायरशी, मला लागली न्हाई म्हणून अडून बसती, मैदानातून हलत न्हाई. आता ऐक सर काय म्हणले ते. तुझ्या बापालाबी असंच वाटत होतं. आपल्याला वाटतं ते खरं नसतं, अंपायरनं बोट केलं की गुमान निघायचं.

पोरगी माझ्याकडं बघत होती. तिला पटलेलं नव्हतं, तोंडावर दिसत होतं. माझ्याकडून काहीतरी वेगळं ऐकायला मिळेल, असं तिला वाटत असावं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, बाबांचं ऐकत जा, बाळा.

ती खाली बघून म्हणाली, "बरं, सर."