सेव्ह उजव्या हातानं

जावा बेटावरच्या सोलो शहरात, लग्नपत्रिकांच्या गल्लीत प्रवितोकाकांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि ओळखून वैतागला नाही असा सापडणं त्याहून कठीण. काम साधंच. पत्रिकेचा मजकूर कॉम्प्युटरवर बसवायचा आणि छपाईला धाडायचा. माणूस सज्जन, निर्व्यसनी, वेळेचा पक्का. फक्त एका बाबतीत डोकं फिरलेलं, ते म्हणजे हात. द्यायचं-घ्यायचं ते उजव्या हातानं, काही दाखवायचं तर बोटानं नाही, उजव्या अंगठ्यानं, आणि डावा हात केरकचरा, चपला आणि नको त्या गोष्टींसाठी. आता हे जावामध्ये सगळेच पाळतात, त्यात नवल नाही. पण सगळे माणसांशी पाळतात. काकांनी कॉम्प्युटरशी पाळायला घेतलं आणि तिथे घोळ झाला.

खरं तर घोळाचं मूळ दनांग. छापखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणारा हा गडी. मजकूर लिहायला त्यानं काकांना एक एडिटर लावून दिला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बस्स. चित्रं नाहीत, मेनू नाहीत, माउस हलवला तर ढिम्म. सगळा कारभार बटणांवर. दनांगनं समजावलं की बटणाला स्वतःची अक्कल नसते. एका फाइलीत ओळी लिहिलेल्या असतात, अलीकडे बटणं आणि पलीकडे काम, की हे दाबलं तर ते कर. कंट्रोल धरून एस दाबलं की सेव्ह होतं, ते काही एसच्या अंगच्या गुणानं नाही. कुणीतरी तसं बांधून ठेवलंय म्हणून होतं. पटत नसेल तर सोडा आणि दुसरीकडे बांधा. एकाच बटणाला दोन कामं बांधलीत तर मात्र खालच्या ओळीचं चालतं, वरची गप्प बसते. काका म्हणाले, आमच्या घरातही असंच आहे, शेवटी बोलेल तिचं खरं.

मग त्यांनी ती यादी वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. सेव्ह, कॉपी, कट, पेस्ट, सगळं डाव्या हाताशी.

"हे बांधलं कुणी?" त्यांनी विचारलं. "त्याला आई नव्हती का?"

झालं. काकांनी पहिल्यापासून सगळं सोडलं आणि नव्यानं बांधलं. ओळ खोडायची, फाइल बंद करायची, टाकून द्यायचं, हे सगळं डाव्या कंट्रोलला. सेव्ह म्हणजे यंत्राच्या हाती काहीतरी सोपवणं, तेव्हा ते उजवा कंट्रोल आणि एंटर. छपाईला पाठवायचं ते उजवा कंट्रोल आणि स्पेस, म्हणजे अंगठ्यानं, अदबीनं. दुसऱ्याच्या फाइलीतून काही उचलायचं असेल तर आधी परवानगीचं एक बटण दाबायचं आणि मगच कॉपीचं. परवानगी न मागता कॉपी दाबलं तर यंत्र नुसतं टुक करायचं. आणि अन्डू? काकांचं म्हणणं, केलेलं मागे घ्यायचं म्हणजे माफीच की. माफी काय एका हातानं मागतात? म्हणून दोन्ही कोपऱ्यांतले दोन्ही कंट्रोल दोन हातांनी धरायचे आणि अंगठ्यानं स्पेस. त्यात कीबोर्ड टेबलाखालच्या खणात, त्यामुळे मान आपोआप खाली जायची. दनांगला हसून हसून उचकी लागली, पण त्यानं बांधून दिलं.

शिवाय काका काम पुरं झाल्याशिवाय सेव्ह करायचे नाहीत. अर्धं वाढलेलं ताट कुणाच्या हातात देतात का? कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू, फाइल उघडीच. दनांगनं कपाळाला हात लावला आणि सांगायचं सोडून दिलं.

याच हाताच्या वेडापायी काकांनी रुस्मिनीबाईंशी कायमचं बिनसवून घेतलं होतं. रुस्मिनीबाई छपाईच्या प्लेटा काढायच्या. बाई कामाला वाघ आणि जिभेला त्याहून. एकदा त्यांनी घरून क्लेपॉन करून आणले होते, आत गूळ भरलेले तांदळाचे हिरवे गोळे. उजवा हात शाईनं बरबटलेला, म्हणून बशी डाव्या हातानं पुढे केली. काकांनी घेतली नाही. नुसते त्या हाताकडे बघत उभे राहिले, आणि तेही सगळ्यांसमोर. बशी पडली, क्लेपॉन टेबलाखाली गेले. बाई म्हणाल्या, यापुढे तुम्हाला दोन्हीपैकी कुठल्याच हातानं काही मिळणार नाही. त्या दिवसापासून दोघांत एका शब्दाचं बोलणं नाही. कागद द्यायचा तर मधल्या स्टुलावर ठेवायचा आणि दुसऱ्यानं तो उचलायचा. ईदच्या आधी सगळा छापखाना रांगेनं एकमेकांपुढे वाकून चुकलंमाकलं माफ करा म्हणायचा, तेव्हाही ही दोघं एकमेकांना टाळून पुढे सरकायची.

तर यंदा काकांच्या लेकीचं, निंग्रुमचं लग्न ठरलं, ईद झाल्या झाल्या. पत्रिका अर्थातच काका बसवणार. विहीणबाई म्हणजे हार्जोबाई, एकदम करारी प्रकरण. पत्रिकेतल्या निमंत्रकांच्या नावांवरून त्यांनी काकांचा पार भुगा केला. अमक्याचं नाव तमक्याच्या वर का, आमचे थोरले काका तुमच्या शेजाऱ्याच्या खाली कसे. फोनवर फोन, आणि प्रत्येक फोनला काका पडद्यावरच ओळी वरखाली करायचे. शेवटी एकदाची यादी मान्य झाली. हा अंतिम क्रम कुठल्याच कागदावर नव्हता, होता तो फक्त पडद्यावर. आता सेव्ह करून छपाईला धाडायचं एवढंच राहिलं होतं. काका उद्या करतो म्हणाले, आनंदानं सायकलवर बसले आणि गल्लीच्या तोंडाशी कोंबडीला वाचवायला जाऊन पडले. उजवा हात मोडला. कोंबडीला काही झालं नाही.

दुसरा दिवस ईदच्या सुट्टीआधीचा शेवटचा. दनांग गावी गेलेला, फोन लागेना. सगळे गेलेले. राहिली दोनच माणसं, एक काका आणि दुसऱ्या रुस्मिनीबाई. काकांची फाइल आली की तिची प्लेट काढायची आणि गावची, वोनोगिरीची बस पकडायची, म्हणून बाई बॅग भरूनच आलेल्या. दुपारी छपाईचं मशीन बंद होणार, ते थेट लग्नाच्या तोंडावर उघडणार. म्हणजे आज पत्रिका गेली नाही तर निंग्रुमच्या लग्नाला पत्रिकाच नाही. विहीणबाई छापलेला नमुना बघायला स्वतः यायच्या होत्या. एवढी नाचक्की झाल्यावर लग्न तरी राहतं का, ही काकांची धास्ती.

तुम्ही म्हणाल, डाव्या हातानं दाबायचं बटण आणि मोकळं व्हायचं. पण नाही. लेकीच्या लग्नाची पत्रिका डाव्या हातानं सोपवायची? काकांनी प्लॅस्टरमधून डोकावणारी करंगळी कंट्रोलवर टेकवली आणि प्लॅस्टरचा कोपरा एंटरवर नेण्यासाठी वाकले. तोल गेला. आधाराला डावा पंजा आपटला, तो नेमका डाव्या कंट्रोलवर आणि खोडायच्या बटणावर. वरच्या ओळीपासून एकेक नाव सर्रकन जायला लागलं. वराचे आजोबा गेले, थोरले काका गेले, शेजारी गेले. काका सावरून बसेपर्यंत पडदा काळाभोर.

त्यांनी अन्डू करायला घेतलं. डाव्या हातानं डावा कंट्रोल, उजवीकडे प्लॅस्टर, आणि स्पेस नाकानं. पण प्लॅस्टर एकाच्या जागी चार बटणं दाबायचं, आणि त्या चौघांना मिळून काहीच बांधलेलं नव्हतं. यंत्र टुक म्हणायचं. काका पुन्हा नाक खुपसायचे. पुन्हा टुक.

आतल्या खोलीत रुस्मिनीबाईंनी खूप वेळ ते टुक टुक ऐकून घेतलं. रोज्याचा दिवस, घसा कोरडा, बस चुकायची वेळ. शेवटी त्या बाहेर आल्या आणि हा वयस्कर माणूस कीबोर्डावर नाक घासत रडतोय हे त्यांनी पाहिलं. कितीतरी वर्षांनी त्या काकांशी बोलल्या.

"काय झालं हो?"

काकांनी सगळं सांगितलं, कोंबडीसकट. बाईंनी स्टूल ओढलं, त्यांच्या उजव्या अंगाला बसल्या आणि आपला उजवा हात खणात घातला. काकांचा डावा कंट्रोल, बाईंचा उजवा, बाईंच्या अंगठ्याखाली स्पेस. खण खोल, त्यामुळे दोघांच्याही माना खाली. एक नाव परत आलं. पुन्हा धरा, पुन्हा वाका, दुसरं नाव. यंत्राला एका वेळी एकच चूक मागे घेता यायची आणि बटणं सोडून पुन्हा धरावी लागायची. दोघं आपली वाकतायत, उठतायत, वाकतायत. बाईंची कंबर कुरकुरायला लागली आणि त्यांनी विचारलं की तुमची आणि विहीणबाईंची मिळून निम्मं सोलो नात्यात आहे का.

तेवढ्यात विहीणबाई दारात आल्या. त्यांना दिसलं काय, तर वधूपिता आणि एक पोक्त बाई पत्रिकेपुढे एकत्र वाकून वाकून नमस्कार करतायत. एवढी श्रद्धा त्यांनी देवळात की मशिदीत कुठेच पाहिली नव्हती. त्यांनी पर्स खाली ठेवली, हात जोडले आणि मागे उभं राहून त्याही वाकायला लागल्या. डोळे भरून आले होते विहीणबाईंचे.

शेवटी सगळ्यांत वरचे, वराचे आजोबा आले. यादी पुरी झाली. काका घाईघाईनं म्हणाले, "बस, झालं."

"एकदा आणखी दाबू," रुस्मिनीबाई म्हणाल्या. "एखादा राहिला असेल तर तुमच्या विहीणबाई मला प्लेटीवर घालतील."

आता काकांना माहीत होतं आणखी एकदा दाबलं तर काय येईल ते. आदल्या दिवशी सायकलवर बसण्याआधी, अगदी शेवटी, त्यांनी यादीच्या तळाशी छापखान्यातर्फे एक नाव टाकलं होतं, आणि मग गुर्मीत येऊन डाव्या हातानं खोडलं होतं. काकांचा डावा हात कंट्रोलवरून उचलला गेला असता तर काहीच झालं नसतं. बाईंच्या एकट्या हातानं अन्डू होणारच नव्हता. काकांना स्वतःची मनापासून लाज वाटली. मग त्यांनी डावा कंट्रोल घट्ट धरला आणि मान खाली घातली.

यादीच्या तळाशी ओळ उमटली. रुस्मिनी, छापखान्यातर्फे.

बाईंनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग काकांकडे न बघता म्हणाल्या, "खोडायचा हात तुमचा मोकळा आहे. खोडायचं असेल तर आत्ताच खोडा."

काकांनी डावा हात कीबोर्डवरून काढला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

"त्या दिवशी मी बशी घ्यायला हवी होती," ते म्हणाले. "सेव्ह करा."

बाईंनी उजवा कंट्रोल धरून एंटर दाबला. मग अंगठ्यानं फाइल पाठवली, आत जाऊन प्लेट काढली आणि नमुना छापून आणला. विहीणबाईंनी तो नखानं ओळी मोजत वाचला, शेवटच्या नावाशी अडखळल्या, पण मघाशी पाहिलेल्या श्रद्धेपुढे त्यांना हरकत घ्यायचा धीर झाला नाही.

रुस्मिनीबाईंनी बॅग उचलली. गावाला न्यायच्या क्लेपॉनातली एक पुडी काढली, रोजा सुटल्यावर खा म्हणून काकांपुढे धरली. बॅग उजव्या हातात, पुडी डाव्या. विहीणबाईंचे डोळे त्या हातावर गेले. काकांनीही डावाच हात पुढे केला आणि पुडी घेतली.

"तुमचा हात मोडलाय, ते कळलं," विहीणबाई म्हणाल्या. "पण यांच्या उजव्या हाताला काय झालंय?"

"तो सध्या माझ्याकडे आहे," काका म्हणाले.