बस वाकते

काळेवाडीतल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ चाकणच्या कंपनीत पाठीवर लोखंड पडल्यापासून व्हीलचेअरवर आहेत. खाली यायचं झालं की ते मला फोन करायचे. आम्ही चौघा शेजाऱ्यांनी खुर्ची उचलली की प्रत्येक वळणावर ओरडायचे, "सावकाश राव, विसर्जनाला वेळ आहे!" आम्हीही हसायचो.

यंदा मुलीने त्यांना जर्मनीला नेलं. परतले त्या दुपारी आम्ही खुर्ची उचलली, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. दारात पोचल्यावर मला म्हणाले, "तिथं बस थांबली की फूटपाथकडे वाकते भावा, खुर्ची सरळ आत जाते. रोज एकटा फिरलो. महिनाभर कुणाला उचलावं लागलं नाही मला."

"भारीच की! उद्या येणार ना खाली, चहाला?"

"बघू."

त्यानंतर त्यांचा फोन आलाच नाही. मी त्यांच्या खालच्याच घरात राहतो. संध्याकाळी डोक्यावर चाकांचा आवाज येतो. तो आवाज खिडकीपर्यंत जातो, परत येतो. वर जाऊन विचारावं, असं मी रोज ठरवतो. पण माझीही कंबर आता दुखते, आणि फोन वाजला नाही की मला बरं वाटतं.