दिवस बुडायच्या आत

चोर पकडावा तसं आत्तीनं मला पकडलं. चोरी काय, तर दिवस बुडाल्यावर मी स्टोव्हवर भाकरी टाकत होते. निपाणीकडच्या आमच्या जैन घरात सूर्य मावळला की कुणी तोंडात घास घालत नाही. पोरंसोरंसुद्धा नाहीत. आणि मी, लग्नाला तीन वर्षं झालेली थोरली सून, बेळगावात येऊन सहा महिने झाले नाहीत तोवर दिवाबत्तीनंतर जेवायला शिकले होते.

आत्ती म्हणजे माझी सासू. ती न कळवता आली होती. गाठोडं खाली ठेवायच्या आधी तिनं स्टोव्ह बघितला, मग मला बघितलं, आणि पाणीसुद्धा न घेता भिंतीला टेकून बसली. ती उगाच आलेली नव्हती. गावाकडं तंबाखूचा खुडा सुरू झाला होता, कोंब खुडायला हात कमी पडत होते. मला न्यायला आली होती, आणि आता तिला आयतं कारण सापडलं.

"पोराचं पोटापायी चाललंय, चालू दे," ती म्हणाली. "तुझं काय अडलंय गं? हितं आचार न्हाई, विचार न्हाई. आठ दिवसांनी धाकटा येणार हाय. त्याच्यासंगं चल माघारी."

माझं काय अडलं होतं ते तिला कसं सांगू? हे उद्यमबागेत फौंड्रीत कामाला होते. जादा काम करून सातच्या सुमाराला सायकलवरनं यायचे, अंगभर काळी वाळू घेऊन. त्यांच्यासंगं जेवावं म्हणून मी थांबायचे. लग्नानंतर अडीच वर्षं मी तंबाखूच्या रानात आणि हे इथं खोलीत एकटे, गाठ पडायची ती सणासुदीला. आता कुठं एका ताटाशी बसत होतो. मला नवऱ्याजवळ राहायचं होतं, बस्स. ह्यात लाजायचं काय?

पण माझाही राग नाकावर. म्हटलं, जेवणावरनंच बोल लावतेस ना, बघ मग. दुसऱ्या दिवशी साडेपाचला ताट वाढलं. आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. दोघी जेवलो. ह्यांचं ताट झाकून ठेवलं. सहाला भांडी घासून पालथी घातली, आणि मग काय करायचं ते कळेना. दहा बाय दहाची खोली, तीत आम्ही दोघी. ती भिंतीकडं बघतेय, मी तिच्याकडं. शेवटी तिनं सुस्कारा सोडला आणि विचारलं, शहर शहर म्हणतात ते हेच व्हय? ते मात्र मला झोंबलं. मी म्हटलं, चपला घाला.

म्हणाले खरं, पण दाखवणार काय? महिनाअखेर होती. बस नको, टांगा नको, तिकीट नको, आणि तरी शहर दिसलं पाहिजे. तिथं आत्तीचा नेम माझ्या पथ्यावर पडला. दुसरं कुणी पाहुणं असतं तर चहा पाज, भजी घे, पोरांना फुटाणे घे. आत्ती दिवस बुडाल्यावर काही खाणार नाही, आणि बाहेरचं तर पाणीसुद्धा तोंडाला लावणार नाही. इतकी स्वस्त पाहुणी अख्ख्या बेळगावात कुणाकडं आली नसेल.

खोलीपासनं दहा पावलांवर तिसरं रेल्वे गेट. तिथंच नेलं. निपाणीला रेल्वे नाही. आत्तीनं पन्नाशी ओलांडली होती, पण आगगाडी बघितली होती ती लांबनं, एकदाच. गेट पडलं. सायकली, बैलगाड्या, एक लॉरी, सगळे खोळंबले आणि गेटवाल्याच्या नावानं खडे फोडू लागले. आत्ती तेवढी खूश. खानापूरकडनं इंजिन आलं, धूर, शिट्टी, जमीन हादरली. तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि डबे मोजले. गाडी गेली, आणि रुळांच्या पलीकडं गर्दीत सायकल धरून हे उभे! तोंड असं काळं की दात तेवढे दिसत होते. मी हसले. हेही हसले. आईला बघून पटकन मान खाली घातली. आत्तीनं माझ्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तिनंच तवा चुलीवर ठेवायची घाई केली. म्हणजे स्टोव्हवर, ती त्याला शेवटपर्यंत चूलच म्हणायची.

मग काय विचारता! रविवारी चालत कॅम्पात गेलो. तिथं मैदानावर पलटणीचा बँड सराव करायचा. आम्ही कडेच्या कट्ट्यावर पाय सोडून बसलो. कॅम्पातल्या बाया पोरांना नटवून थटवून येईपर्यंत सगळ्यात चांगली जागा आमची झालेली. मोठा ढोल पोटावर बांधलेल्या शिपायाची आत्तीला भारी काळजी. एवढं वजन घेऊन चालतोय, जेवला असंल का रं हा, असं तिनं शेजारच्या अनोळखी गृहस्थालाच विचारलं.

सगळ्यात कहर झाला सोमवारी. सरकारी गाडी आली आणि आमच्या गल्लीमागच्या मोकळ्या जागेत पडदा लागला. फुकट सिनेमा. सगळ्या गल्लीत त्या वेळेला स्टोव्ह फरफरत होते, कुणाची भाकरी तव्यात, कुणाचं पोर न्हाणीत. आम्ही जेवून मोकळ्या! पोतं अंथरून पडद्यासमोर मधोमध बसलो. बाकीच्या बाया हात पुसत आल्या तेव्हा कडेला दाटीवाटीनं उभं राहावं लागलं. सिनेमा कानडीत निघाला, गाव मिळून विहीर खणतं त्याचा. आमच्या गल्लीतल्या कोकणाकडनं आलेल्या बायांना ओ की ठो कळेना. आत्तीचं माहेर चिकोडीकडं, कानडी तिच्या जिभेवर. तिनं मराठीत सांगायला सुरुवात केली. आधी हळू, मग चांगल्या खणखणीत आवाजात. विहिरीला पाणी लागेना तशी तिनं पडद्यातल्या माणसांना दोन शिव्या आपल्या पदरच्या घातल्या. बाया हसून हसून वाकल्या. सिनेमा संपल्यावर सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. मला तर आनंद आवरेना. गावाकडं तिच्या बोलण्याला कुणी हसलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी धाकटा दीर आला. आल्या आल्या म्हणाला, संध्याकाळची बस आहे, दोघींनी बांधाबांध करा, रानात कामाचा खोळंबा झालाय. आठ दिवस मी गेट, बँड, सिनेमा करत हिंडले, आणि हा दिवस येणार आहे हे विसरूनच गेले होते. पेटी ओढली, एक लुगडं घडी केलं, आणि डोळ्याला पदर लावला. आत्ती म्हणाली, आधी जेवायला वाढ, दिवस बुडतोय.

वाढलं. तिघं जेवलो. तिनं ताटात हात धुतला आणि दिराकडं बघून बोलायला लागली.

"हिला न्यायची न्हाई. खुड्याला दोन बाया रोजगारानं लाव. मी सोमवारी माझी मी येतो."

दिरानं तोंड उघडलं, तेवढ्यात ती पुढं बोलली.

"पन्नास वर्षं मी दिवस बुडायच्या आत जेवत आलो. जेवल्यावर काय करायचं, हे मला कुणीच सांगितलं न्हवतं. भिंतीकडं बघत बसायचं आणि निजायचं. हिनं सांगितलं."

मी रडत होते का हसत होते मला आठवत नाही, बहुतेक दोन्ही. आत्तीनं मात्र रडायला सवड दिली नाही. चपला घाल, आगगाडीची वेळ झाली, म्हणाली, आणि तुझी बस मागनं, असं म्हणत दिरालाही उठवलं.

गेट पडलेलंच होतं. गाडी धडधडत गेली, आणि पलीकडं सायकल धरून काळ्या तोंडाचे हे. आईशेजारी धाकटा भाऊ उभा बघून त्यांचा चेहरा उतरला, तो एवढ्या लांबनं मला दिसला. गेट वर जायची वाट कोण बघतोय! लोकांची लाज सोडून मी रुळांवरनं ओरडले, "मी ऱ्हायलो हो, ऱ्हायलो!" सायकलवाले हसले. गेटवालासुद्धा हसला.

त्यानंतर आत्ती दरवर्षी दिवाळी झाली की आठ दिवस यायची, आणि गावाकडच्या बायांना माघारी जाऊन सांगायची, शहर बघायला पैसं लागत न्हाईत गं, लौकर जेवाय लागतंय.