लाल खटक्यावर हिरवा रंग

रंगाक्काला राग यायला फारसं कारण लागत नसे. पण त्या आठवड्यात आला तो राग शंभर टक्के रास्त होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

गवत कापायची यंत्रं, फवारणीचे पंप, झाडं तोडायच्या करवती, अशी उन्हापावसात राबून जुनी झालेली यंत्रं तिच्या धाकट्या भावाच्या दुकानात यायची. इंजिन भाऊ बघायचा, रंग ती द्यायची. तिची पद्धत ठरलेली होती आणि तीत ती तसूभर बदल खपवून घेत नसे. आधी टाकीतलं पेट्रोल काढायचं. जुना रंग भिजवूनच घासायचा, कारण त्यात शिसं असतं आणि कोरडी धूळ घरादाराच्या पोटात जाते. मग अस्तर, त्यावर हार्डनर मिसळलेला रंग, तोही पातळ हात मारून. साइलेन्सरला उष्णता सोसणारा रंग वेगळा. आणि यंत्र बंद करायचा खटका लाल. तो सुटा काढून, सगळ्यात शेवटी. फार वेळ लावता म्हणून कुणी कुरकुरलं, तर ती ब्रश त्याच्याच हातात द्यायची.

मोठ्या बागेचे साहेब आले ते घाईतच. पाहुणे यायचे होते, बाग दाखवायची होती. गवताचं यंत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवंगार हवं, मध्येच तो लाल ठिपका कशाला, आणि हे सगळं दोन दिवसांत. अक्काने सरळ नाही म्हटलं. चांगला रंग कडक व्हायलाच आठवडा लागतो, आणि घाईचा साधा ऑइलपेंट इंजिनाजवळ टिकत नाही. पेट्रोलचा थेंब पडला, वर उष्णता लागली, की तो मऊ पडतो. साहेब तिच्याकडे न बघता भावाकडे बघून हसले. भाऊही हसला. तिथेच माशी शिंकली.

अक्का दोन दिवस लेकीकडे गेली होती, तेवढ्यात भावाने काम उरकलं. साधा ऑइलपेंट, दाट, खटक्यासकट, काहीही सुटं न करता, आणि यंत्र बागेत पोचवूनही दिलं. परत आल्यावर तिने त्याला असं फैलावर घेतलं की शेजारचा शिंपी मशीन थांबवून ऐकत बसला. आत्ताच्या आत्ता बागेत फोन कर, यंत्र सुरू करू नका म्हणून सांग, असं तिने बजावलं. भाऊ हो म्हणाला. अक्काने विश्वास ठेवला.

चार दिवसांनी यंत्र टेंपोतून परत आलं, पुढचं चाक वाकलेलं. अक्काने खटक्यावर अंगठा दाबला. खटका जागचा हलेना, अंगठा मात्र हिरवा झाला. मग भावाने मान खाली घालून सगळं सांगितलं. पाहुण्यांसमोर बागेतल्या म्हाताऱ्या माळीकाकांनी यंत्र बंद करायला खटका दाबला, तो रंगात चिकटलेला. यंत्र फुलांच्या वाफ्यात घुसलं, कठड्यावर आदळलं, आणि काकांचा पाय पात्यापासून जेमतेम वाचला. म्हाताऱ्याला आता दिसत नाही, हातही चालत नाहीत, असं साहेब चारचौघांत म्हणाले आणि संध्याकाळी त्यांना कामावरून काढून टाकलं.

"फोन केला होतास?"

"साहेब चिडले असते गं."

अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर वळणारा आपला सख्खा भाऊ! तिने यंत्र पुन्हा टेंपोत चढवायला लावलं, भावाला शेजारी बसवलं आणि थेट साहेबांचं ऑफिस गाठलं.

"यात काकांच्या डोळ्यांचा काय संबंध?" तिने हिरवा अंगठा त्यांच्या टेबलावर टेकवला. "खटका आमच्या रंगाने चिकटला. आणि तो रंग तुम्ही लावायला सांगितलात."

रंगातलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून साहेबांनी हात झटकले. भाऊ दारातच उभा होता. अक्का त्याच्याकडे बघत राहिली, तेव्हा कुठे तो बोलला, की बहीण नको म्हणत होती, मीच तुमचं ऐकलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. नवीन माणूस कामावर घेतलाय, आता काही बदलता येणार नाही, म्हणाले. वर यंत्र लवकर नीट करून पाठवा, हेही सांगितलं. काय म्हणावं या माणसाला!

टेंपो तसाच काकांच्या दारात गेला. अक्काने उंबऱ्यातूनच सुरुवात केली. असल्या माणसाच्या यंत्राला आता आपण हात लावणार नाही, दारात गंजून पडलं तरी बेहत्तर, असं ती तावातावाने सांगत होती. काकांनी पाणी दिलं, चपला घातल्या आणि टेंपोपाशी आले. वाकून त्यांनी खटका एकदा दाबून पाहिला.

"नव्या माणसाला माहितेय का, हा असा अडकतो ते?"

"त्याला कोण सांगणार!"

"मग हा आधी नीट कर. लाल कर." काकांनी हिरवी झालेली बोटं पायजम्याला पुसली. "माझं व्हायचं ते झालं. त्याचे पाय अजून शाबूत आहेत."

अक्काचा राग तसूभरही कमी झाला नाही. पण तिने टेंपो दुकानाकडे वळवायला सांगितला, आणि वाटेत भावाकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला.