कशावरून सरांचा वर्ग

यंत्रमागाच्या शेडमध्ये कापसाची धूळ कशी साचते, बघितलंय का कधी? सकाळी झाडून काढा, दुपारपर्यंत कोपऱ्यात पुन्हा मऊमऊ ढीग! आमच्या कॉलेजचे किस्से तसलेच. एक सांगून हातावेगळा करावा, तर त्याच्या मागं दुसरा उभा. बायको म्हणते, "तुम्ही कॉलेजात होता दोन वर्षं, आणि किस्से वीस वर्षांचे!" आता काय करणार? पास झालो असतो तर विसरलो असतो की!

हो, हे आधीच सांगून टाकतो. मी इंग्रजीत आपटलेला आणि कॉलेज सोडलेला माणूस आहे. तेव्हा ह्यातलं इंग्रजी फार तपासत बसू नका.

* * *

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजचे जुने इंग्रजीचे सर रिटायर झाले. ते वहीतून नोट्स सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, आणि परीक्षेत त्यांच्या त्यांना परत करायचो. सगळे सुखी!

त्यांच्या जागी कोकणातून सावंत सर आले. तिकडची शाळेतली नोकरी सोडून, बिऱ्हाड घेऊन आले होते. बारीक अंगाचा माणूस, पण एका जागी उभं राहणं ठाऊक नाही. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. खडू फळ्यावर कमी आणि दातात जास्त.

पहिल्याच तासाला म्हणाले, "नोट्स मिळणार नाहीत. प्रत्येकानं एक प्रश्न शोधायचा, उत्तर स्वतः हुडकायचं आणि पुराव्यासकट इंग्रजीत लिहायचं. ह्याला रिसर्च पेपर म्हणतात."

वर्ग गार! माझ्या बाकावर रफीक बसायचा. त्याचे वडील ट्रक चालवायचे. तो कानात म्हणाला, "अपन तो मरे रे!"

"आता एक वाक्य लिहा. खरं असलं पाहिजे," सर म्हणाले.

मी लिहिलं, सोलापूर इज व्हेरी हॉट. सर येऊन वाकले, वाचलं आणि म्हणाले, "कशावरून?"

मी म्हणालो, "तुमच्या शर्टावरून, सर!"

शर्ट पाठीला चिकटून पार भिजला होता. वर्ग खदाखदा हसला. मला वाटलं, आता बाहेर काढतात. सरांनी हात मागं नेऊन पाठ चाचपली, ओला तळवा सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "ह्याला एव्हिडन्स म्हणतात. लिहून घ्या!"

तेव्हापासून नाव पडलं कशावरून सर.

* * *

आता ह्यातली मेख ऐका. ती आम्हाला कॉलेजच्या शिपायानं, शिवाप्पानं सांगितली. प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसायचा. कान मात्र आत!

म्हणाला, "तुमच्या सरांची नेमणूक टेंपररी हाय बरं का. मार्चमध्ये साहेब सोता वर्गात येऊन तुमचे कागद वाचणार. पोरं आपल्या डोक्यानं लिवतात असं दिसलं तर सर पर्मनंट. न्हाय तर जूनपासून परत नोट्स, आन् सर परत कोकणात!"

म्हणजे त्या माणसाची भाकरी आमच्या हातात! आमच्या! मला तर त्या दिवसापासून बाकावर नीट बसवेना.

* * *

'कशावरून'ची खाज घरोघरी गेली. आमचा गणपत करकंबचा. अबोल पोरगा, इंग्रजी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. सुट्टीला गावी गेला, तर वडील जेवताना सहज म्हणाले, "यंदा ऊस बरा हाय."

गणपत म्हणाला, "कशावरून, आबा?"

आबांनी हातातला घास खाली ठेवला, पोराला तसाच उसात नेला आणि दोन दिवस उसाचं वाळलेलं पाचट काढायला लावलं. सोमवारी वर्गात आला तो मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडून निघालेला.

सरांनी विचारलं, "हे काय?"

"एव्हिडन्स गोळा करत हुतो, सर."

"मग? ऊस बरा आहे का?"

"ऊस बरा हाय, सर. मी न्हाय!"

* * *

मग सरांनी कार्डं काढली. वाचाल, ऐकाल ते एकेका कार्डावर एकेक लिहायचं. मग कार्डं पत्त्यांसारखी पिसायची, मागंपुढं लावून बघायची, त्यातून पेपर उभा राहतो म्हणे.

व्यंकटेश आमच्यातला विणकराच्या घरचा. घरी तेलुगू, दारात चादरीचा माग. मागावर नक्षी उठवणारं जकार्ड असतं, त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या लागतात. एक पट्टी म्हणजे नक्षीतली एक ओळ. पठ्ठ्यानं वडिलांच्या जुन्या पट्ट्याच आणल्या! भोकांच्या मधल्या जागेत मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं, आणि सगळ्या पट्ट्या दोरीनं एकमेकींना ओवलेल्या.

सर म्हणाले, "दोरी सोड. कार्डं पिसायची आहेत."

व्यंकटनं माळ छातीशी धरली. "डिझाईन जाईल, सर! एक पट्टी इकडची तिकडं झाली तर मोराचे पाय त्याच्या डोक्यावर येतात!"

सर त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेले. व्यंकट सांगायचा, मागाच्या वर त्या पट्ट्या फिरताना सर मान वर करून बघत राहिले. जागचे हलले नाहीत! सोलापुरात आल्यापासून पहिल्यांदाच.

मग व्यंकटच्या वडिलांनी विचारलं, "तुमच्या कार्डांचं काय करतात?" सरांनी सगळं समजावून सांगितलं. वडिलांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरं. मग शेवटी चादर निघते का?"

सर म्हणाले, "मार्चमध्ये कळेल."

वडिलांनी माग सुरू केला आणि त्या खडखडाटात तेलुगूत काहीतरी म्हणाले. व्यंकटनं त्याचं भाषांतर आजतागायत केलेलं नाही.

* * *

माझा प्रश्न होता, आपल्याकडं भाकरी कडक करून का ठेवतात? सर म्हणाले, "छान. पण कुठं वाचलंस ते खाली तळटीपेत दे." आता भाकरीवर कोण वाचतं? खातात! मी ठोकून दिलं, 'हिस्टरी ऑफ भाकरी, पान एकशे बारा.'

सर खूश झाले आणि थेट लायब्ररीत गेले! ग्रंथपालांना पुस्तक नाही म्हणायची लाज. दोन दिवस कपाटं उघडली, मिटली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "इश्यू झालंय."

"कोणाला?"

ग्रंथपाल सापडले कात्रीत. सगळ्यांत वजनदार नाव घेऊन मोकळे झाले. "प्रिन्सिपॉलसाहेबांना!"

सर तसेच साहेबांकडं. शिवाप्पा स्टुलावरच होता, त्याच्या कानानं ऐकलेलं सांगतो. साहेब म्हणाले, "हो हो, माझ्याकडंच आहे. अर्धं वाचून झालंय. शेवट मात्र जरा लांबवलाय!"

सर वर्गात आले आणि माझ्यापुढं उभे राहिले. ओठ दाबून धरलेले. "हे पुस्तक तू लिहिलंस?"

"नाही सर. फक्त एकशे बारावं पान."

मला शून्य मिळालं. आणि कँटीनमध्ये चहा. चहा पिताना मात्र सर हळूच म्हणाले, "मार्चमध्ये असलं करू नकोस हां." हसतच म्हणाले, पण चहा अर्धाच टाकून उठले.

* * *

रफीकचा प्रश्न, सोलापूरहून मोहोळला ट्रकला किती वेळ लागतो? तीन ड्रायव्हरांना विचारलं, तिघांचे तीन आकडे. अब्बांना विचारलं तर ते भडकले, "गाडीकू जित्ता टैम लगता, उत्ता लगता! तेरे सर कू और काम नै क्या?"

शेवटी रफीक घड्याळ घेऊन स्वतः ट्रकमध्ये बसला. गाडी तिघांनी सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधी पोचली!

का? पोरगा घड्याळ घेऊन शेजारी बसलाय म्हटल्यावर अब्बा चहाला कुठं थांबलेच नाहीत!

रफीकनं निष्कर्ष लिहिला, 'विद्यार्थी आत बसला की ट्रक पळतो.' सरांनी ते वाचून खडूचा तुकडाच चावला. "अरे, बघणारा असला की बघितलेलंच बदलतं, ह्यावर मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी डोकी फोडलीत!"

रफीक म्हणाला, "अब्बा भी मेराच फोडनेवाले थे, सर!"

* * *

फेब्रुवारी संपला. कार्डं होती, प्रश्न होते, पुरावेही होते. पण इंग्रजी? माझं एक वाक्य दारातून शिरायचं आणि खिडकीतून पडायचं. सर रोज म्हणायचे, "चुकू दे, पण तुमचं असू दे." आम्ही म्हणायचो, ह्या चुका साहेबांनी वाचल्या की सर गेलेच कोकणात!

मग मीच डोकं लढवलं. कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन एक काका बसायचे. लोकांचे अर्ज इंग्रजीत करून द्यायचे. आमचे सगळ्यांचे कागद त्यांच्याकडं नेले. म्हटलं, "काका, ह्याचं चांगलं इंग्रजी करा. एका माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे." काकांनी रात्रीचा दिवस केला.

एकटा गणपत काकांकडं आला नाही. उलट त्या आठवड्यात त्यानं आमचं डोकं खाल्लं. टाइप केलेले कागद मागून घ्यायचा, डोळ्यांजवळ धरून बघायचा, आणि विचारायचा, "ह्या शब्दाचा अर्थ काय रं?" मी वैतागून त्याला एक ठेवून दिली.

तो दिवस उजाडला. सर यायच्या आधी मी आणि रफीकनं टेबलावरचा आमच्या हस्ताक्षरातला गठ्ठा काढून टाइप केलेला ठेवला, गणपतचा तेवढा न वाचताच तळाशी सरकवला. साहेब आले, सरांच्या खुर्चीत बसले आणि वाचायला लागले. सर भिंतीशी उभे. साहेबांचा चेहरा फुलत गेला. "वा! काय नम्र भाषा! असं इंग्रजी हल्ली वाचायला मिळत नाही, सावंत!"

सरांनी वाकून वरचा कागद बघितला. आणि असे पांढरे पडले की विचारू नका. एकदा फक्त माझ्याकडं बघितलं.

तळाशी एकच पेपर हातानं लिहिलेला होता. गणपतचा. साहेब मोठ्यानं वाचू लागले. इंग्रजी पार लंगडं, मी आपलं मराठीत सांगतो.

"प्रश्न: आमच्या वर्गाला स्वतः लिहिता येते का? पुरावा एक: सगळे पेपर एकाच टाइपरायटरचे आहेत, त्यातल्या 'ई'चे पोट शाईने भरले आहे. पुरावा दोन: ट्रक, चादर आणि भाकरी, तिन्ही पेपर 'मोस्ट रिस्पेक्टफुली आय बेग टु स्टेट' असे सुरू होतात. पुरावा तीन: सगळ्यांत 'हिदरटू' शब्द आहे. त्याचा अर्थ मी तिघांना विचारला. एक म्हणाला, गावाचे नाव. एक म्हणाला, वकिलाला ठाऊक. एकाने मला मारले. निष्कर्ष: आमच्या वर्गाला स्वतः लिहिता येत नाही."

मी बाकाखालून पुढं बसलेल्या गणपतला असा चिमटा काढला की रक्त यावं. तो हलला नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "ह्याचा अर्थ तुझ्या सरांची नोकरी जाते. ठाऊक आहे?"

"व्हय सर."

"मग लिहिलंस कशाला?"

"जे निघालं ते लिवलं, सर. मागं अजून एक ओळ हाय."

साहेबांनी पान उलटलं. तिथं लिहिलं होतं, "ह्या निष्कर्षात एक दोष आहे. मीही ह्याच वर्गात आहे, आणि हा पेपर मी लिहिला आहे."

साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली, ह्या वेळी मनातल्या मनात. मग बारीक डोळे करून गणपतला म्हणाले, "हा तुला कुणी लिहून दिला?"

"कुनी न्हाय सर! इंग्रजी बगा की! असलं कोन लिहून दील?"

साहेब उठले. आमचा गठ्ठा खुर्चीत ठेवला, गणपतचा पेपर घडी करून कोटाच्या खिशात घातला, आणि दारातून न वळता म्हणाले, "सावंत, जूनचं टाइमटेबल करायला घ्या."