आवस टळली, जुम्मा आडवा आला

पौष लागला तो धुकं घेऊनच. बसस्टँडमागच्या गल्लीत समोरची रिक्षा दिसत नव्हती, नुसता भोंगा ऐकू येत होता. मनकर्णाबाई खानावळीच्या चुलीपुढं भाकरी थापत होती आणि हात आज हलके पडत होते. तिचा बन्सी, जहाजावर स्वयंपाक करणारा, आज अरबांच्या बंदरात उतरायचा होता.

करार संपला होता. कप्तान त्याला कालच वकिलातीत नेऊन सुटकेचा शिक्का मारून देणार होता. पण काल आवस. बन्सीचा बाप असाच आवसेला ट्रक घेऊन अजिंठ्याकडं गेला, तो माघारी आलाच नाही. मनकर्णाबाईनं फोनवर पोराला गळ्याची शपथ घातली, आज उंबरा ओलांडू नको, उद्या निघ. पोरानं पोटदुखीचं निमित्त सांगितलं.

"समुद्राला कुठला आला उंबरा, खाला?" पीठ मळायला येणारी शेजारची रईसा काल हसली होती. आज तीच मळता मळता थांबली. तिचा भाऊ तिकडंच कामाला.

"आज जुम्मा हाय ना, खाला? तिकडं जुम्म्याला हापिसं बंद असतेत."

भाकरी हातातच राहिली. शुक्रवारी अर्धं गिऱ्हाईक नमाजाला जातं म्हणून मनकर्णाबाई वर्षानुवर्षं भाकरी कमी टाकत आली होती. त्या दिवशी परमुलखातलं हापीसही झोपतं, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात बन्सीचा फोन आला. वकिलातीला कुलूप होतं. सुट्टीच्या दिवशी उघडून मिळायची, पण जादा फी जहाजानं भरायची. कप्तान म्हणाला, पोट तुझं दुखलं, भुर्दंड मी का सोसू? जहाज दुपारी सुटणार. शिक्का मिळंल असं दुसरं बंदर चार महिन्यांवर.

"मग तसाच उतर की रं."

"बिनशिक्क्याचा उतरलो तं पळाला म्हणून धरतेत."

"माझ्यापायी झालं, बन्सी."

मग तो म्हणाला, "आता चार आवसा येतेल, आई. तवा मला फोन करू नको."

तव्यावरची भाकरी करपली होती. मनकर्णाबाईनं ती काढून चुलीच्या कडंला टाकली, तवा फडक्यानं पुसला. बाकावर पहिलं गिऱ्हाईक येऊन बसलं होतं.

"आज कमीच मळू ना?" रईसानं हळू विचारलं.

"व्हय," म्हणत तिनं परातीतलं थोडं पीठ डब्यात परत सारलं आणि पुढचा गोळा हातात घेतला.